मालनच्या चार नोंदी

पिंपळसोंडच्या आरोग्य केंद्रात मंगळवार हा गरोदर बायकांचा वार. शैलजाबाई टोणप्यांचं त्या दिवशी तिथे खरं म्हणजे काही काम नव्हतं. गुडघ्याचा पट्टा सैल झाला होता, तो बदलून घ्यायला त्या आल्या होत्या. बाकावर बसून वाट बघत असताना आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं आणि पूर्वाचा आवाज बाहेर आला.

“पहिला गर्भ. चौथ्या महिन्यात आपोआप पडला. आधी ताप नाही, इजा नाही. रुग्ण अशक्त आहे, फारसं बोलत नाही.”

शैलजाबाई ताठ बसल्या. ते वाक्य त्यांचं होतं. ‘फारसं बोलत नाही’ हे शब्द त्यांनी स्वतः, सदतीस वर्षांपूर्वी, बारा तासांच्या लोडशेडिंगमधून उरलेल्या विजेत, एका पिवळट पडलेल्या कीबोर्डवर बडवले होते.

“दुसरा गर्भ. चौथा महिना. आपोआप. तिसरा गर्भ, तसंच,” पूर्वा वाचत होती. तिच्या आवाजात घाई नव्हती आणि दुःखही नव्हतं. “मातेकडून आलेला खोऱ्याचा दोष संभवतो. सुईची शिफारस. शुक्रवार.”

पूर्वा खोऱ्यात येऊन सहा वर्षं झाली होती. दवाखान्यांचे केसपेपर, संस्थांच्या नोंदवह्या, जुन्या वेबसाइट, जन्ममृत्यूची रजिस्टरं, जे हाती लागेल ते ती वाचायची आणि समोर बसलेल्या माणसाच्या घराण्याचा आजारपट मांडायची. कागदोपत्री या यंत्राचं नाव ‘पूर्वपट वाचक’ होतं, पूर्वा हे लोकांनी ठेवलेलं. पणजोबांचा दमा, आजीची साखर, चुलत्याचं हृदय हे सगळं ती बिनचूक सांगे. आता त्याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं.

खोऱ्याचा दोष हा मात्र तिचा स्वतःचा शोध. वेणाई नदीच्या काठच्या चाळीस गावांत, या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत, बायकांचे गर्भ चौथ्या महिन्यात मोठ्या संख्येनं आपोआप पडल्याच्या नोंदी तिला सापडल्या. त्याच वर्षांत तिथे मुली कमी जन्मल्या होत्या. तिनं दोन आकडे शेजारी ठेवले आणि निष्कर्ष काढला, की इथल्या रक्तात मुलीचा गर्भ टिकू न देणारं काहीतरी आहे. जनुकांमध्ये ते अजून कुणाला बोट ठेवून दाखवता आलेलं नव्हतं, पण आकडे इतके ठसठशीत होते की त्यावर मोठमोठे निबंध छापून आले. मग सुई आली. बाराव्या आठवड्यात मुलीच्या गर्भापर्यंत जाणारी आणि त्याच्या जनुकांना एक जास्तीचा तुकडा जोडणारी. वीस गर्भांतला एक ती सुई सोसत नसे. जोडलेला तुकडा पुढच्या प्रत्येक पिढीत उतरणार होता.

दार पूर्ण उघडलं. बाहेर आलेली मुलगी तिशीची असेल. पाठोपाठ टोपी हातात धरून एक वाळका म्हातारा आला. शैलजाबाईंनी त्याला चालण्यावरून ओळखलं.

“ताई, तुम्ही हितं?” म्हातारा म्हणाला. “मी उत्तम. मालनचा मालक. ही आमची प्रांजल. पुण्याला असते, कंपनीत. तपासणीला आणलीय.”

“मालन?” शैलजाबाईंनी विचारलं.

“गेली की. पाच वर्षं झाली.” त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. “ताई, हिच्या आईकडं बघून वाटलं असतं का, की तिच्या रक्तात असलं काही आसंल? विसराळू तेवढी होती. गळ्यातलं डोरलं विहिरीत घालवलं, आणि चार दिवस आम्हाला सांगितलं पण नाही.”

“बाबा, ही गोष्ट आता डॉक्टरांनाही सांगून झाली,” प्रांजल म्हणाली. ती हसली, पण तिचे डोळे हातातल्या कागदावरून हलत नव्हते. “शुक्रवारी सुई आहे, मावशी. म्हणजे पोटात काय आहे ते अख्ख्या गावाला कळलं. सांगायला बंदी आहे, म्हणून कुणी सांगत नाही. सुई कुणाला मिळते ते फक्त बघतात.”

“सासरी काय म्हणतात?”

“सासूबाई म्हणाल्या, सोसली तर सोसली, नाहीतर परत बघू.” तिनं कागदाची घडी घातली. “फार शांतपणे म्हणाल्या.”

“सुईनं काही होत नाही गं,” उत्तम म्हणाला. “तुझ्या आईनं भोगलं ते तू भोगू नये, एवढंच.”

शैलजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो बाकाखाली सरकलेल्या कुणाच्या तरी चपलेकडे बघत होता.

*

घरी आल्यावर शैलजाबाईंनी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. गुडघ्याचा पट्टा त्या केंद्रातच विसरल्या होत्या.

दोन हजार तीन साली एका ट्रस्टनं खोऱ्यात फिरता दवाखाना सुरू केला. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे आणि पेशंटची माहिती मराठीत टाइप करायला तिघी जणी नेमल्या होत्या: शैलजा, नूरजहाँ मुल्ला आणि विमल. कॉम्प्युटरवर विमलनं भरतकाम केलेलं झाकण असायचं. फोनच्या तारेतून इंटरनेट जोडताना तो यंत्राचा घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि रांगेतल्या म्हाताऱ्या कानांवर पदर घ्यायच्या. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी होती, आणि ती खरीच होती. ते काम तालुक्याच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या खोलीत चालायचं.

त्या काळच्या त्या यंत्राला मराठी अक्षरं सांभाळता येत नसत. ‘मालन’ असं लिहून बटण दाबलं की साठ्यात जे जाई ते असं दिसे:

&#2350;&#2366;&#2354;&#2344;

प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला जगभर एक ठरलेला क्रमांक होता. साठ्यात तो क्रमांक जायचा, पुढे एक खूण आणि मागे अर्धविराम लावून. पान उघडलं की ब्राउझर क्रमांक वाचून पुन्हा अक्षरं मांडायचा. म्हणजे प्रत्येक पान गुपचूप उकलूनच वाचलं जायचं. तिघींना काही क्रमांक पाठ झाले होते. दवाखान्यात नकोसं माणूस शिरलं की नूरजहाँ म्हणायची, “तेवीसशे पन्नास आला गं,” आणि विमलला हसू आवरायचं नाही. तो क्रमांक ‘म’चा, आणि त्या माणसाचं नावही ‘म’वरूनच सुरू होणारं होतं.

प्रशिक्षणाला आलेल्या मॅडमनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. कोन, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा काढून पुढे काही लिहिलं, आणि दोन रेघा व उलटा कोन काढून ते बंद केलं, की मधला मजकूर पानावर दिसत नाही. पान बनवणाऱ्यांनी एकमेकांना निरोप ठेवायला केलेली ती सोय. ब्राउझर तो मजकूर बघतो आणि सोडून देतो. छापलेल्या कागदावर त्याची रेघसुद्धा उमटत नाही. पण साठ्यात तो राहतो.

छापलेला कागद नेहमी बाईच्या हातात जात नसे. नवऱ्याच्या खिशात जाई, सासूच्या पिशवीत जाई, भावकीत जो वाचता येणारा असेल त्याच्याकडे जाई. म्हणून पहिल्या वेळी मालन, तालुक्याहून आणल्यानंतर तिसऱ्या दिवशी, टेबलाजवळ वाकून म्हणाली होती, “आपोआप पडलं असं लिव्हा. त्यांनी तसंच सांगाय सांगितलंय.” आणि उत्तम बाहेर तंबाखू मळायला गेल्यावर म्हणाली, “पण ताई, झालं तेबी कुठंतरी लिवून ठेवा. दिसू नये. पण आसावं.”

शैलजानं नूरजहाँकडे पाहिलं. नूरजहाँनं पुढे होऊन कोन, उद्गारचिन्ह आणि दोन रेघा टाइप करून दिल्या.

त्यानंतर बायका येतच राहिल्या. कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे. दवाखान्याच्या मागच्या नळावर पाणी भरता भरता कुणीतरी विचारायचं, “ते आतलं लिहिता ते तुम्हीच का?” त्याला त्या ‘आतलं’ म्हणत. सहा वर्षांत किती पानांवर आतलं लिहिलं गेलं ते तिघींनी कधी मोजलं नाही. प्रत्येकीला त्यांनी दोन गोष्टी कबूल केल्या: कुणाला दिसणार नाही, आणि हरवणार नाही.

दोन हजार नऊमध्ये ट्रस्टनं गाशा गुंडाळला. शैलजाबाईंना वाटलं होतं, ते सगळं कुठल्यातरी अडगळीत कायमचं गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्टा आणायचं निमित्त करून केंद्रात गेल्या. डॉक्टर सानिया तांबोळी डबा खात होत्या. वय पस्तीस. त्यांच्या टेबलावर पूर्वाचा पडदा आणि एक मेलेलं कॅक्टस.

“डॉक्टर, पूर्वा जुनी पानं कशी वाचते?”

“कुठली जुनी?”

“इंटरनेटवरची. आकड्यांत अक्षरं असलेली.”

डॉक्टरांनी चपाती खाली ठेवली. “पान ब्राउझरच्या तोंडी देते. ब्राउझर आकड्यांची अक्षरं करतो. पानावर जे दिसतं तेच ती उचलते. का?”

“आणि जे दिसत नाही ते?”

“दिसत नाही ते मजकूर नसतं, मावशी. रंग, रेघा, बांधणी. ते कचऱ्यात जातं.”

शैलजाबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाल्या, “तुम्हाला हा दोष खरा वाटतो?”

डॉक्टरांनी उठून दार लावलं. “खरं सांगू? खोऱ्यातून लहानपणीच बाहेर गेलेल्या मुलींमध्ये तो दिसत नाही. पूर्वा म्हणते, इथल्या पाण्याचा संबंध असेल. गेल्या वीस वर्षांत कमी झाला, तर म्हणते सुप्त झाला. मी काही विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असतं. मी दोनदा वर लिहिलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय. या शुक्रवारी बारा जणी आहेत.”

“प्रांजलच्या आईची मूळ पानं मिळतील? उकलायच्या आधीची, आकड्यांचीच.”

“मुलीनं मागितली तर द्यावी लागतात. तसा कायदा आहे.” डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. “त्यात काय आहे?”

“ते मी तिला सांगेन. तुम्हाला सांगायचं का, ते ती ठरवेल.”

*

त्याच दिवशी, बुधवारी दुपारी चार वाजता, केंद्रातून मागून घेतलेली मूळ पानं लॅपटॉपवर घेऊन प्रांजल शैलजाबाईंकडे आली. उत्तमनं गाडी चालवत आणलं होतं. प्रांजलनं त्याला बाहेर थांबा म्हटलं, तरी तो आत येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसला.

“काय ते बघू की आम्हालाबी,” तो म्हणाला.

शैलजाबाईंनी त्याला पाणी दिलं. “उत्तमराव, तुम्ही बाहेर बसलात तर बरं.”

“का? माझ्या बायकोची कागदं हायेत.”

त्यांनी प्रांजलला लॅपटॉप उघडायची खूण केली.

प्रांजलनं पहिलं पान उघडलं. पडदाभर आकडे होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. ती म्हणाली, “हे मी पूर्वी पाहिलंय, ऑफिसात, कुठल्याशा जुन्या साठ्यात. आम्ही असलं सगळं एका फटक्यात उकलून टाकतो. यंत्राला सांगायचं, दोन सेकंदात होतं. सांगू?”

“यंत्राला नको. त्याला सांगितलं की त्याला कळलं.” शैलजाबाईंनी चष्मा पुसला. “हातानं लिहू. प्रोग्रामच्या पाच ओळी लागतील. मला नीट आठवतंय का बघ. एक रिकामी चौकट तयार करायची, आपण फॉर्ममध्ये लिहितो तसली, लिहायची चौकट.”

“पान नाही? चौकट?”

“चौकटच. आकडे पानावर ओतले तर ब्राउझर अक्षरं करतो, पण जे दाखवायचं नाही ते बाजूला टाकतो. लिहायच्या चौकटीत ओतले तर अक्षरं करतो आणि काहीच टाकत नाही. तिथे जे येईल ते कुणीतरी लिहिलंय, असं तो धरून चालतो.”

प्रांजलची बोटं थांबली. “म्हणजे पूर्वानं पानावर ओतलं.”

“हो.”

“आणि काहीतरी बाजूला पडलं.”

“लिही,” शैलजाबाई म्हणाल्या. “चौकटीत मूळ मजकूर ओत. मग चौकटीत जे तयार झालं ते परत वाचून घे.”

पाच नव्हे, चारच ओळी झाल्या. प्रांजलनं बटण दाबलं. आकडे गेले आणि अक्षरं आली. वरचा भाग मंगळवारी पूर्वानं वाचला होता तोच. त्याच्याखाली कोन, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा. आणि त्याच्यापुढे:

‘आपोआप नाही. तालुक्याला नेऊन पाडलं. मुलगी होती. मालन नको म्हणत होती. नवरा आणि सासू होते. घरी आल्यावर तीन दिवस जेवली नाही. लिहून ठेवा म्हणाली. शै.’

प्रांजलनं ते वाचलं आणि दुसरं पान घेतलं. तारीख दोन हजार सहा. पुन्हा त्याच चार ओळी, तेच बटण.

‘पाडलं. मुलगी. या वेळी ती आपणहून काही बोलली नाही, नूरजहाँनं विचारल्यावर सांगितलं.’

तिसरं, दोन हजार सात.

‘पाडलं. मुलगी. मालन म्हणते, आता चौथ्या वेळी मी विहीर जवळ करीन. मी तिला तासभर बसवून ठेवलं.’

खुर्ची करकरली. उत्तम उठला होता. “ताई, हे बरोबर नाही. हे कुणी लिव्हलं? कुणीबी काहीबी लिव्हलं असंल.”

“मी लिहिलं,” शैलजाबाई म्हणाल्या. “तुम्ही बाहेर तंबाखू मळत होता.”

“बाबा, तुम्हाला माहीत होतं,” प्रांजल त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मंगळवारी पूर्वा वाचत होती, मी रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. दोष वगैरे काही नाहीये. तुम्ही माझ्या पोटात सुई जाऊ देणार होता.”

“आईनं ठरवलेलं सगळं. माझी आई होती तवा. माझं काय चालतंय?” त्याचा आवाज खाली आला. “आणि सुईनं काही होत नाही म्हणत्यात सगळे.”

“विसातल्या एकीला होतं.”

तो दाराकडे वळला, पण गेला नाही. दाराची चौकट धरून पाठमोरा उभा राहिला.

चौथं पान उरलं होतं. दोन हजार नऊ, मे महिना. ट्रस्ट बंद व्हायच्या आधीचं. त्या पानावर काय लिहिलं होतं ते शैलजाबाईंना आठवत नव्हतं. ते नूरजहाँनं लिहिलेलं असावं. प्रांजलनं आकडे चौकटीत ओतले.

‘मालन आज हसली. गल्लीतल्या मशीनवाल्यानं घरच्यांना मुलगा आहे सांगितलं. मुलगी आहे. मालन आदल्या दिवशी एकटी एसटीनं जाऊन त्याला डोरलं देऊन आली, मुलगा सांग म्हणून. घरी विहिरीत पडलं सांगणार आहे. म्हणाली, चार महिने तरी कुणी हात लावणार नाही, पुढचं पुढं. नू.’

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ खोलीत राहिला.

उत्तमनं डोक्यावरची टोपी काढली. तो परत खुर्चीत बसला, अगदी हळू, जणू खुर्चीचा भरवसा नव्हता. “विहीर उपसली होती मी,” तो म्हणाला. “दोन दिवस इंजिन लावून. गाळ चाळला. ती काठावर बसून बघत होती. काही बोलली नाही.” थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, “सगळ्यांना सांगत फिरलो मी. बत्तीस वर्षं. ती होती तोवर तिच्यासमोर.”

प्रांजलनं एक हात पोटावर ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं ती पडद्यावरचं ‘हसली’ हा शब्द पुसल्यासारखं करत होती, काच पुसावी तसं.

*

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. प्रांजलनंच त्यांना सगळं सांगितलं होतं आणि शुक्रवारी सुई घेणार नाही असं लेखी पाठवलं होतं.

“तिचं झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मावशी, तिनं पाठवलेल्या त्या चार नोंदी मी पूर्वाला वाचायला दिल्या. ती म्हणते, एक अपवाद. दोष कायम. बाकीच्या अकरा जणींची शिफारस तशीच आहे.”

“त्या अकरा जणींना तुम्ही सांगा.”

“काय सांगू? तुमच्या आयाही खोटं बोलल्या असतील? मला आकडा हवा. असली पानं किती आहेत, ते मी नुसतं खुणांवरून शोधलं. चारशे अडतीस. त्या चार ओळी पाठवल्यात तर रात्रीत सगळी वाचून होतील. मग पूर्वालाही मान्य करावं लागेल, की ज्याला ती रोग म्हणतेय ती माणसांची करणी होती. पुढच्या पिढ्यांत तो तुकडा जाणार नाही.”

“नावांसकट वाचली जातील.”

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “पूर्वा नावं विसरत नाही. आणि प्रत्येक नोंद त्या घराण्याच्या पटात जोडली जाईल. मुलींना, सुनांना, नातवंडांना. तसा नियम आहे. मला तो बदलता येत नाही.”

शैलजाबाई फोन ठेवून घरभर फिरल्या. प्रांजल अजून तिथेच होती. तिनं वडिलांना एकट्याला परत पाठवलं होतं. चार ओळी पडद्यावर तशाच होत्या. पाठवायला एक बोट पुरलं असतं.

“तुम्ही नाही पाठवल्या तर मी पाठवू शकते,” प्रांजल म्हणाली. “मला येतात आता.”

“येतात. माझ्या हातात ते राहिलेलं नाही, हे मला कळतंय.”

“पण मी तुम्हाला विचारतेय.”

शैलजाबाईंनी नूरजहाँला फोन लावला. ती कोल्हापुरात मुलाकडे असायची. ऐकू कमी यायचं, म्हणून ओरडून बोलायची.

“शैला? जिवंत आहेस का अजून?”

“आहे. नूर, आतलं सापडलं.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

शैलजाबाईंनी सगळं सांगितलं. नूरजहाँनं मध्ये एकदाही काय म्हणून विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, “दिसणार नाही म्हटलं होतं आपण.”

“हरवणार नाही असंही म्हटलं होतं.”

“तुला त्या चारशे पानांवरच्या बायकांची नावं आठवतात?”

“बऱ्याच जणींची. कुठं दिलेल्या, कुठं राहतात, तेही.”

“मग विचार त्यांना. ज्यांचं आहे त्यांना विचार. बायकांनी आपल्याला सांगितलं होतं, यंत्राला नाही.”

“परवा सकाळी सुया आहेत, नूर. इतक्या जणींना दोन दिवसांत? कितीतरी मेल्या असतील. ज्या आहेत त्यांच्या शेजारी नवरे बसलेले असतील.”

“मग बोलत काय बसलीस? लाव की पहिला फोन.”

प्रांजलनं वही पुढे सरकवली. शैलजाबाईंनी पहिलं नाव लिहिलं: इंदू साळवे, करंजवडे. बुटकी, बडबडी, कपाळावर भाजल्याचा डाग. आतलं दोनदा. नंबर प्रांजलनं शोधून दिला. वाजत राहिला. शैलजाबाईंनी फोन कानाला घट्ट धरला होता.

“हॅलो?” आवाज तरुण होता, दम लागलेला. मागे कुकरची शिट्टी झाली.

“इंदू आहे का? मी पिंपळसोंडहून, शैला बोलते म्हणावं. जुन्या दवाखान्यातली.”

“आई होय? पडलीय जरा. मी तिची लेक, धाकटी. माहेरी आलेय, शुक्रवारी माझी सुई आहे ना, म्हणून.” मुलगी हसली. “आईच घाबरून गेलीय माझ्यापेक्षा. कालपासून जेवली नाही. सारखी म्हणते, मला काहीतरी सांगायचंय तुला, आणि मग सांगतच नाही. तुम्ही दवाखान्यातल्या म्हणता ना? तुम्हाला काही माहितीये का, मावशी, तिला काय सांगायचंय?”

शैलजाबाईंनी प्रांजलकडे पाहिलं. पडद्यावर चार ओळी होत्या आणि पुढच्या पानासाठीची चौकट अजून रिकामी होती.